परदेशात व्हॉलंटियर म्हणून गेल्यावर तिथली माणसं खरंच कळतात?

पायवाट:
गेल्या वर्षी दक्षिण फ्रान्समधे एका शेतावर पाच आठवडे राहून आले. वूफ नावाचं नेटवर्क आहे, १९७१ साली इंग्लंडमधे सुरू झालं आणि आता बऱ्याच देशांत आहे, त्यात सेंद्रिय शेती करणाऱ्यांकडे राहायचं, दिवसाला चार ते सहा तास काम करायचं, राहणं-जेवण त्यांच्याकडे, पैशांची देवघेव नाही. मला पहिल्या दिवशी टोमॅटोची रोपं काठीला सुतळीने बांधायला दिली. सोपं वाटलं. संध्याकाळी बघते तर घरातल्या आजीबाई ओळीने येऊन माझी एकेक गाठ सोडून परत बांधतायत, एक अक्षर न बोलता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझं फ्रेंच पुस्तकातलं, त्यांचं बोलणं निम्मं डोक्यावरून जायचं, त्यामुळे विचारायची हिंमत होईना. चौथ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि गाठीच्या आत दोन बोटं घालून दाखवली, म्हणजे खोड जाड होणार, त्याला एवढी जागा हवी. नवव्या दिवशी त्या मागून आल्याच नाहीत. त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्याही म्युझियममधे वाटलेलं नाही.

त्याआधी दोनदा त्याच भागात टुरिस्ट म्हणून फिरले होते, सगळे गोडच बोलायचे, कारण मी गिऱ्हाईक होते. कामाला हात लावला तेव्हाच कोणी माझ्यावर वैतागलं, कोणी शिकवलं, जेवताना शेजाऱ्याशी चाललेलं भांडण माझ्यासमोर बिनधास्त काढलं. म्हणून माझं मत आहे की दुसऱ्या देशातली माणसं समजून घ्यायची असतील तर व्हॉलंटियरिंगसारखा रस्ता नाही. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा:
पायवाट, लिहिलंयस छान पण निष्कर्ष पटला नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस.

मी दोन आठवडे एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेलो होतो, देश आणि संस्था दोन्ही मुद्दाम सांगत नाही. पहिल्या तासाला डोळ्याला हात लावून त्याचं इंग्रजी सांगितलं, तर पुढचा शब्द मी उच्चारायच्या आत पोरांनी नाक, कान, हात, पाय सगळं एका सुरात म्हणून टाकलं. मला वाटलं काय हुशार वर्ग आहे! मधल्या सुट्टीत कळलं की दर दोन आठवड्यांनी नवा व्हॉलंटियर येतो आणि प्रत्येकजण डोळे-नाक-कान पासूनच सुरुवात करतो. वर्गाच्या खऱ्या बाई शेवटच्या बाकावर पुस्तक मांडीवर मिटून बसून होत्या, त्यांचा धडा अर्धा राहिला होता आणि मी निघेपर्यंत तो राहणारच होता. त्या माझ्याशी अतिशय अदबीने बोलायच्या. ती अदब मला अजून टोचते, कारण मी पैसे भरून आलेला होतो आणि शाळेला त्यातले काही मिळत होते, बाई मला उठ म्हणू शकत नव्हत्या. यात मला त्यांची संस्कृती काय कळली? त्यांची अडचण तेवढी कळली, तीही उशिरा.

पायवाट:
हे वाचून वाईट वाटलं. पण ही त्या प्रोग्रॅमची चूक झाली, व्हॉलंटियरिंगची कशी काय?

खडूफळा:
चूक प्रोग्रॅमच्या आधीच होते, "मी द्यायला चाललोय" असं मनाशी धरून निघतो तिथे. तू शिकायला गेलीस आणि त्याला नाव व्हॉलंटियरिंग दिलंस, एवढंच. १९६८ मधे इव्हान इलिच नावाचे विचारवंत मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभे राहिले आणि त्यांना तोंडावर सांगितलं, की बघायला या, डोंगर चढायला या, अभ्यास करायला या, पण मदत करायला येऊ नका. मला हे भाषण परत आल्यावर कळलं. जाण्याआधी कळलं असतं तर गेलोच नसतो.

जुनीडायरी:
दोघांचंही वाचलं. एक जुना किस्सा सांगावासा वाटतो. अमेरिकेची पीस कोअर, म्हणजे परदेशात व्हॉलंटियर पाठवणारी सरकारी संस्था, १९६१ च्या मार्चमधे केनेडींनी सुरू केली, त्याच वर्षी ऑक्टोबरमधे नायजेरियात इबादानला ट्रेनिंग घेणाऱ्या एका मुलीने अमेरिकेतल्या एका मित्राला पोस्टकार्ड लिहिलं, त्यात तिथली राहणी किती मागासलेली, लोक रस्त्यावरच कसे सगळं उरकतात वगैरे. ते कार्ड पोस्टात पडायच्या आधीच युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं. त्यांनी प्रती काढून वाटल्या, निषेध सभा झाली, मुलीने माफी मागितली आणि तिला परत जावं लागलं.

मला त्या मुलीपेक्षा ते विद्यार्थी महत्त्वाचे वाटतात. आपण कोणाच्या घरी राहून त्यांच्याबद्दल काय लिहितो हे ते लोकही वाचतात, आणि आता तर पोस्टकार्डही लागत नाही, फोटो टाकला की झालं. पण तेवढ्यावरून सगळंच बाद करायचं हेही मला मान्य नाही. पीस कोअरमधे आजही साधारण २७ महिन्यांची बांधिलकी असते, त्यातले पहिले तीनेक महिने ट्रेनिंगचे, त्यात भाषा शिकायची आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक कुटुंबात राहायचं. खडूफळा, दोन आठवडे आणि २७ महिने एकाच तराजूत कसे तोलणार तुम्ही?

समुद्रकाठ:
मी कोस्टा रिकात कासवांच्या प्रकल्पावर महिनाभर होतो. काम खरं होतं, रात्री किनाऱ्यावर चालायचं, लाल बॅटरी वापरायची कारण पांढऱ्या उजेडाने कासव बिचकतं, अंडी मोजायची, नोंद करायची. आमची मोजणी उपयोगाची होती याबद्दल मला शंका नाही. पण संस्कृती म्हणाल तर शून्य! आम्ही बाराजण एका घरात, सगळे बाहेरचे, दिवसभर झोपायचं, आपापसात इंग्रजीत गप्पा. गावातल्या ज्या एका माणसाशी रोज संबंध आला ते गस्तीचे दादा, आणि त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे स्पॅनिशचे चाळीसेक शब्द. शेवटच्या आठवड्यात कळलं की लहानपणी ते वडिलांबरोबर हीच अंडी काढून विकायला जायचे. केवढी मोठी गोष्ट होती ती, आणि मला पुढचा प्रश्न विचारता येईना. मुद्दा सेवेचा नाही आणि मुदतीचाही नाही, मुद्दा भाषेचा आहे. भाषा नसेल तर कासवांसाठी जा, माणसांसाठी जाऊ नका.

निळीशाई:
अनाथाश्रमांचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितेय. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्थांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील किंवा दोघंही जिवंत होते, युनिसेफने हे वारंवार मांडलंय. परदेशी पाहुणे आणि व्हॉलंटियर येतात, पैसे देतात, म्हणून मुलं घरातून आणून ठेवली जातात. प्रेमाने मिठी मारणारा माणूस दर पंधरा दिवसांनी बदलला की त्या लेकराचं काय होत असेल याचा विचार करा. ऑस्ट्रेलियात २०१८ मधे आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला तेव्हा अशा अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करीही त्याच चौकटीत धरली गेली. तिथे "कल्चरल एक्सचेंज" हा शब्द सुद्धा वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

पायवाट:
निळीशाई, याच्याशी १०० टक्के सहमत, लहान मुलांशी अल्पमुदतीचं काम नकोच. समुद्रकाठ, भाषेचंही मान्य. पण खडूफळा म्हणतो तसं "मदतीला जाऊच नका" मला मान्य होत नाही, कारण बघायला जाणारा माणूस कोणाच्या उपयोगी नसतो आणि ज्याचा काही उपयोग नाही त्याला लोक घरात किती आत घेतील?

१९२० मधे पियेर सेरेझोल नावाच्या स्विस माणसाने फ्रान्समधल्या व्हर्दुनजवळच्या एन गावात काही तरुण नेले, पहिल्या महायुद्धात जमीनदोस्त झालेलं गाव परत उभं करायला. त्यात जर्मनही होते, म्हणजे ज्यांच्याशी कालपर्यंत लढाई होती तेच. गावातल्या काहींना ते सहन झालं नाही आणि काही महिन्यांत काम थांबवावं लागलं. आज जगभर जे दोन-तीन आठवड्यांचे वर्ककॅम्प, म्हणजे व्हॉलंटियरांची कामाची शिबिरं, होतात त्यांची सुरुवात तिथून धरतात. मला त्यातलं हे आवडतं की गावाने नको म्हटलं आणि ते निघून गेले. तुझ्या शाळेतल्या बाईंना नको म्हणायची सोय नव्हती, आमच्या आजीबाईंना होती, त्या मला दुसऱ्या दिवशी घालवून देऊ शकत होत्या.

खडूफळा:
हा मुद्दा मात्र लागला. नको म्हणायची सोय. मी दोन वर्षं भाषा आणि मुदत यावरच अडकलो होतो. तरीही सांगतो, ज्यांच्याकडे जायचं त्यांना नको म्हणता येतंय अशी ठिकाणं फार थोडी आहेत आणि जिथे पैसे आपण भरतो तिथे जवळपास नाहीतच. त्यामुळे माझा विरोध कमी झाला, गेला नाही.

नवाकोरा:
मला जूनमधे जायचंय, शाळेत शिकवण्याचा तीन आठवड्यांचा प्रोग्रॅम, अजून पैसे भरलेले नाहीत. खडूफळा दादा, भरण्याआधी काय विचारू?

खडूफळा:
मी कोणाच्या हाताखाली काम करणार, त्या शिक्षकांशी आत्ता थेट बोलता येईल का, माझ्या आधी कोण होतं आणि त्याने काय शिकवलं, मी निघाल्यावर तो तास कोण घेणार. आणि व्हिसा बघ, बिनपगारी कामाला सुद्धा बऱ्याच देशांत टुरिस्ट व्हिसा चालत नाही, थायलंडमधे तर त्यासाठी वर्क परमिट लागतं. "टुरिस्ट म्हणूनच सांगा एअरपोर्टवर" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांब.

नवाकोरा:
चारही प्रश्न मेल केले होते. शिक्षकांबद्दल उत्तर आलं, "ते तुम्हाला तिथे पोचल्यावर समजेल". बाकी तीन प्रश्नांना उत्तरच नाही, फक्त जागा लवकर भरतायत एवढं. पैसे भरत नाहीये. फ्रेंच शाळेत तीन वर्षं होतं, ते परत काढतो. पायवाट ताई, त्या शेताची माहिती व्यनि (खाजगी निरोप) कराल का, आणि आजीबाई अजून व्हॉलंटियर घेतात का?

पायवाट:
केलाय व्यनि. घेतात, पण आधी फोनवर बोलतात, आणि फ्रेंचमधेच.