बसल्या जागी ऑक्सिमीटर ९७ दाखवतंय, म्हणजे फुप्फुसं ठणठणीत?

घाटवाट:
कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, ते चांगलंच झालं. पण जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवायचं, बोटाला चिमटा लावायचा आणि "९७ आहे, काही नाही" म्हणून घरी पाठवायचं, हे मला साफ चुकीचं वाटतं. फुप्फुसातल्या केशवाहिनीत रक्त साधारण पाऊण सेकंद असतं. निरोगी फुप्फुसात ऑक्सिजन पाव सेकंदातच भरून होतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जाड व्हायला लागला तरी बसल्या जागी उरलेला अर्धा सेकंद सांभाळून घेतो, म्हणून आकडा पडत नाही. दगडखाणीत काम केलेले, कबुतरं पाळणारे, जुना संधिवात असलेले, अशांचा हा पडदा जाड होण्याचा धोका असतो; त्यांना धाप लागत असेल तर डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी तपासणी) झालीच पाहिजे. सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

माळरान:
अजिबात सहमत नाही. आमच्या तालुक्यात साधी स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारी तपासणी) मिळत नाही, डीएलसीओ कुठून आणायची? सहा मिनिटं चालवा आणि पुन्हा ऑक्सिमीटर लावा. नेलपॉलिश काढा, गार बोट चोळून ऊब आणा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा टक्का, ४ ने उतरलं की पुढे पाठवा. शिवाय हिमोग्लोबिन कमी असलं की डीएलसीओही कमी येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. त्या सगळ्यांना फुप्फुसाच्या रोगी ठरवणार का?

घाटवाट:
हिमोग्लोबिन तपासून दुरुस्ती करतात की! आणि ऑक्सिमीटर तरी कुठे निर्दोष आहे? २०२० मध्ये अमेरिकेत दिसलं की त्याच्या नजरेतून सुटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. आपल्या सावळ्या माणसांनी हे सोडून द्यायचं?

फुंकर:
मी पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या तपासण्या, करते. डीएलसीओसाठी नाकाला क्लिप, पूर्ण श्वास बाहेर, मग ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा एका दमात आत, १० सेकंद रोखायची, सोडायची. किती वायू रक्तात गेला त्यावरून हिशेब. खोकला आला की प्रयत्न वाया, आणि पुढच्यासाठी किमान ४ मिनिटं थांबायचं. खूप धाप असलेल्यांना १० सेकंद जमतच नाहीत. म्हणून ही सरसकट सगळ्यांना लिहून देऊ नका. पण जमेल त्याची नीट करा, दोन आकडे जुळेपर्यंत. घाईत उरकलेला रिपोर्ट नसलेला बरा.

माळरान:
हे पटलं. त्वचेच्या रंगाचा मुद्दाही खराच, म्हणून तर मी सुटा आकडा मानत नाही, चालण्याआधीचा आणि नंतरचा फरक बघतो. ९७ चा ९१ झालेल्याला मशीनची वाट बघत ठेवणार नाही, थेट छातीच्या डॉक्टरकडे धाडणार.

घाटवाट:
त्याला धाडाच. पण कबुतरखाना असलेला, तीन महिने कोरडा खोकला, चालल्यावर ९७ चा फक्त ९६ झालेला माणूस तुमच्या चाळणीतून निसटला, त्याला कोण पाठवणार?