२८ थ्रेड दिसले म्हणून जुना झिऑन घ्यायचा का? जरा थांबा

बावनदी_पलीकडे :
परवा 'चिऱ्याचं_घर' यांनी पोस्ट टाकलीये की गेमिंग असो नाहीतर रेंडरिंग (थ्रीडी मॉडेलवरून चित्र तयार करणं), इंटेलच्या आय५च्या नादी लागू नका, तेवढ्याच पैशात इंटेलचाच जुना सर्व्हरचा प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४ येतो, १४ कोर २८ थ्रेड (म्हणजे एका वेळी २८ कामं), वर बोर्ड आणि ३२ जीबी रॅम, आणि डेस्कटॉप प्रोसेसर म्हणजे गिऱ्हाइकाला लावलेला चुना. खाली नुसती अंगठ्यांची रांग. मी एरवी असल्या पोस्ट वाचून सोडून देतो पण आमच्या आतेभावाचा मुलगा ते वाचून ऑर्डर टाकायला बसलाय, म्हणून लिहितो, लांब होईल.

हा प्रोसेसर २०१६चा. नेहमीचा वेग (बेस) २.४ गिगाहर्ट्झ, जोर लावला की (टर्बो) ३.३, आणि ते ३.३ सुद्धा एकदोन कोर जागे असतील तेव्हा. गेमला आधी लागतो तो एका कोरचा वेग. आंब्याच्या पेट्या भरायला चौदा माणसं लावलीत तर काम पटकन उरकेल, पण झेला घेऊन झाडावर चढणारा एकच असेल तर बाकीचे तेरा खाली उभे राहून त्याला शिव्याच घालणार. आय५-१२४००एफ घ्या, सहाच कोर, पण ४.४ पर्यंत जातो आणि त्याच गिगाहर्ट्झमध्ये कामही जास्त उपसतो. सगळे कोर लावून रेंडर केलं तरी हे सहा त्या चौदांच्या जवळपास येऊन बसतात, हे कोण सांगणार? आणि ते ६५ वॉटच्या चिपमध्ये, तुमची चिप १२० वॉटची.

बोर्डाचं तर विचारूच नका. वर एक्स९९ या भारी चिपसेटचं नाव छापलेलं असतं आणि आत चिपसेट (बोर्ड सांभाळणारी चिप) कुठल्यातरी जुन्या डेस्कटॉप बोर्डावरून काढलेला बी८५ नाहीतर एच८१. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज ११च्या यादीत हे झिऑन नाहीत. आमच्या पोराला खेळायचंय व्हॅलोरंट, ते विंडोज ११वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होतानाची तपासणी) मागतं. आणा आता कुठून आणता ते.

चिऱ्याचं_घर :
पूर्ण पोस्ट वाचायची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं. मी कुडाळात बंगल्यांची एलिव्हेशन आणि इंटिरियर करतो. मुंबईचा पार्टी गावात घर बांधतो, रात्री दहाला फोन करून सांगतो की पडवीला कौलं नको, पत्रा दाखवा, आणि सकाळी सातला व्हॉट्सॅपवर सहा व्ह्यू पाहिजेत. व्ही-रे हे रेंडरचं सॉफ्टवेअर लावतो, झोपतो. रात्रभर २८ थ्रेड शंभर टक्क्यांवर. १२८ जीबी रॅम आहे, सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी (उलटलेला बिट स्वतः सुधारणारी), ती तुमच्या आय५च्या बोर्डात घातलीत तर चालूच होणार नाही. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव काय चढलेत बघितलेत का? तेवढी नवीन डेस्कटॉप रॅम घ्यायची तर मला बागेतली दोन कलमं विकावी लागतील. शिवाय कार्डांना जोडणाऱ्या ४० पीसीआयई लेन, दोन ग्राफिक्स कार्डं पूर्ण सोळा-सोळा लेनवर बसतात. विंडोज ११ची तपासणी बायपास करून ते व्यवस्थित चालतंय.

आणि व्हॅलोरंटसाठी वर्कस्टेशनला नावं ठेवायची, कमाल आहे.

बावनदी_पलीकडे :
"गेमिंग असो नाहीतर" हे शब्द तुमच्याच पोस्टमध्ये आहेत, मी घातले नाहीत.

अलिबाग_वीकेंड :
मी मध्ये पडतो कारण हे 'वर्कस्टेशन वर्कस्टेशन' ऐकून कान किटले. माझं काम प्री-वेडिंग, होमस्टेचे व्हिडिओ, किहीम-नागाव पट्टा. माझ्याकडे पण असाच एक झिऑन होता. कॅमेऱ्याचं फुटेज १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंग साठवणारा, उलगडायला जड फॉरमॅट), टाइमलाइनवर टाकलं की १४ कोर असून अडकत अडकत चालायचं, कारण झिऑनमध्ये ग्राफिक्सच नाही म्हणजे क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा इंटेलचा भाग) नाही, आणि माझं एनव्हीडियाचं जुनं कार्ड ४:२:२ डिकोड करत नाही. साधा १२४०० घेतला, एफ नसलेला म्हणजे आत ग्राफिक्स असलेला, आणि तेच फुटेज प्रॉक्सी (हलकी कॉपी) न बनवता पळायला लागलं. बावनदी भाऊ, तुम्ही पण सगळ्यांना एफवाला सांगत सुटू नका. थोडे पैसे वाचवायला जाता आणि नेमका कामाचा भाग कापून घेता. एखाद दिवशी कार्ड मेलं तर एफवर स्क्रीनसुद्धा येणार नाही, मग बसा.

चिऱ्याचं_घर :
लग्नाचे व्हिडिओ कापणं वेगळं आणि रेंडर वेगळं. तुमच्याकडे नवरा-नवरी सूर्यास्ताला पळतात, झालं काम. ईसीसी कशाला असते ते तुम्हाला कळायचं नाही.

अलिबाग_वीकेंड :
त्या पळणाऱ्या नवरा-नवरीवर माझा हप्ता चालतो. आणि ईसीसीचं एवढं कौतुक असेल तर एएमडीचा रायझन ५ ५६०० पण साधी (अनबफर्ड) ईसीसी घेतो, बोर्ड बघून घ्यावा लागतो इतकंच. तुमच्या रेंडरमध्ये एक बिट उलटला तर काय होणार, कौल एक कमी दिसेल? बँक चालवताय का तिथे?

मालवणी_गजाल :
माका ह्या कोरबिरातला काय कळना नाय, पण एक गजाल सांगतंय ती ऐका. तुम्ही तिघे प्रोसेसरवरून भांडताय आणि तिघांपैकी एकाने तरी घरचं अर्थिंग बघितलंय काय? आमच्याकडे भाच्याने असाच भारी पीसी आणला, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. दुकानदार म्हणतो एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बदला. बदलला, परत तेच. शेवटी वायरमन आला, बघतो तर थ्री-पिनच्या मधल्या भोकाला वायरच नाय. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले, अर्थ मिळाली नाय की पत्र्यावर शंभरेक व्होल्ट नुसते तरंगत राहतात. करंट किरकोळ, माणूस मरत नाय, पण तसल्या पीसीची एचडीएमआय डिशच्या केबलवाल्या टीव्हीत खुपसलीस की पोर्ट गेलो म्हणून समज.

पेठ_चिपळूण :
गजाल भाऊंनी दुखरी नस पकडली. मी रिपेअरिंग करतो. जांभ्याच्या कातळावरचं घर असेल तर अर्थिंग कागदावरच असतं. पावसाळ्यात बरं चालतं आणि एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की मेलं. खड्डा खोल नेत नाहीत, पाइप हातभर पुरतात आणि बिल लावतात. मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतत राहिलं पाहिजे, कोण ओततो? नारळाला पाणी घालतील, अर्थिंगला नाही.

चिऱ्याचं_घर :
विषय प्रोसेसरचा चाललाय.

पेठ_चिपळूण :
त्याच विषयावर बोलतोय हो. तुमची रात्रभराची रेंडर लाइट गेल्यावर कशावर चालते?

चिऱ्याचं_घर :
इन्व्हर्टरवर. १५० एएच बॅटरी आहे.

पेठ_चिपळूण :
१२ व्होल्ट गुणिले १५०, कागदावर १८०० वॉट-अवर. तुमची मशीन मॉनिटर धरून ३०० वॉट खाते असं धरा, म्हणजे हिशोबाने सहा तास, प्रत्यक्षात तीन-चार मिळाले तर देव पावला, बॅटरी दोन पावसाळे जुनी असेल तर दीड. आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा आधी. चांगला एसएमपीएस लाइट गेल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर असला तर त्याहून उशिरा येतो आणि मशीन रिस्टार्ट. लोक माझ्याकडे येऊन म्हणतात प्रोसेसर वीक आहे. वीक कसला, बटण चुकीचं. आणि जुना स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर नवा एसएमपीएस नुसता गुरगुरतो.

मालवणी_गजाल :
एका निरगुडीच्या फांदीवर वायर टेकली तरी आमच्या वाडीची लाइट जाता. वादळ लांबच रव्हला.

बावनदी_पलीकडे :
लाइटचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो हे कोणी बोलत नाही. झिऑनची मशीन शंभर वॉट जास्त खात असेल आणि रोज आठ तास चालली तर महिन्याला २४ युनिट. "स्वस्त" मशीन दर महिन्याला हप्ता मागते.

चिऱ्याचं_घर :
२४ युनिट! घरात फ्रीज आहे, पंप आहे, एसी आहे, आणि हिशोब माझ्या २४ युनिटचा. मी एका व्ह्यूचे जेवढे घेतो त्यात वर्षाचं वीजबिल निघतं.

अलिबाग_वीकेंड :
मग निघत असेल तर एएमडीचा नवा थ्रेडरिपर (वर्कस्टेशनचा भारी प्रोसेसर) घ्या की, सेकंडहँड चिपवर कशाला बसलाय 😀

चिऱ्याचं_घर :
तुम्ही द्या पैसे. समोरासमोर भेटा एकदा, बोलू.

पेठ_चिपळूण :
अहो शांत व्हा. मी काय बघितलंय ते सांगतो, मग ठरवा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानात चिखल होता, नंतर कित्येक महिने लोक मशीन घेऊन येत होते. पाण्याने धुतलेल्या बोर्डापैकी काही चालू झाले, पण त्यातले बरेचसे पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेले. प्रोसेसर मात्र सहसा जात नाही, झिऑन तर नाहीच नाही. जातो बोर्ड. साधा डेस्कटॉप बोर्ड गेला तर रत्नागिरीत नाहीतर कोल्हापुरात दोन दिवसांत मिळतो, वॉरंटी असेल तर बदलूनही येतो. तुमचा झिऑनच्या २०११-३ सॉकेटचा बोर्ड गेला तर ऑनलाइन मागवा, वाट बघा, आला तर आला, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट नावाचा प्रकार नाही. तोवर तुमचा पार्टी पडवीला पत्रा कुणाकडून बघणार?

आणि पूर नसला तरी खारी हवा आहेच. समुद्रालगतच्या घरातल्या मशीनचे पोर्ट उघडले की तांब्यावर हिरवं. रोज चालणारी मशीन स्वतःच्या गरमीने कोरडी राहते. पावसाळाभर बंद ठेवून गणपतीला चालू करतात ती मरते.

चिऱ्याचं_घर :
हे मान्य. बोर्डाचं मान्य. म्हणूनच मी दुसरा बोर्ड आणून माळ्यावर ठेवलाय.

बावनदी_पलीकडे :
म्हणजे एक मशीन घ्यायला दोन बोर्ड. आणि हे स्वस्त.

कॉलेजकट्टा :
ज्याच्यावरून हे चाललंय तो आतेभावाचा मुलगा मीच 🙏 काका, मला व्हॅलोरंट आणि जीटीए ५, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला थोडं ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर). झिऑनवर टर्बो अनलॉक करतात म्हणे, सगळे कोर फुल स्पीडला, त्याने नाही का होणार?

बावनदी_पलीकडे :
ती युक्ती आधीच्या व्ही३ पिढीवर चालते, व्ही४वर नाही. तू बघितलेला व्हिडिओ व्ही३चा असणार आणि लिंक खाली व्ही४ची. व्ही३वर करूनही टर्बोची कमाल तीच राहते, फक्त सगळ्या कोरांना मिळते. व्हॅलोरंटला टीपीएम पाहिजे, त्या बोर्डांवर ते बहुतेक वेळा नसतंच. ब्लेंडर तू त्यातल्या सायकल्स या रेंडर इंजिनवर ग्राफिक्स कार्डाने रेंडर करणार, तिथे प्रोसेसरचे कोर बसूनच राहणार. ५६०० किंवा १२४०० घे आणि उरलेले पैसे कार्डात घाल. ई५-१६५० व्ही३ बद्दल विचारलं असतंस, सहा कोर, मल्टिप्लायर उघडा म्हणजे वेग वाढवता येतो, तर एक वेळ ऐकून तरी घेतलं असतं.

अलिबाग_वीकेंड :
एफ नको घेऊ.

चिऱ्याचं_घर :
पोरा, तू १२४००च घे. गेमसाठी झिऑन घेऊ नको हे मी लिहून देतो, काका खूश होऊ देत. पण उद्या आर्किटेक्चरला गेलास आणि सीनला ९० जीबी रॅम लागली की मला फोन कर, त्यांना नको. आणि ज्यांनी चौदाला सहा भारी म्हणून सांगितलं त्यांनी कधी रात्रभर स्वस्त बोर्डावर १२४०० चालवून बघावा, व्हीआरएम (प्रोसेसरला वीज देणारा बोर्डाचा भाग) तापून वेग कसा खाली येतो ते.

बावनदी_पलीकडे :
स्वस्त बोर्डावर काहीही तापतं, तुमचं पण. १२८ जीबी १२४००ला पण चालते, महाग पडते एवढंच तुमचं म्हणणं आहे आणि तेवढं मी मानतो. जुनी सर्व्हर रॅम आधीपासून हातात असेल आणि दिवसरात्र सीपीयू रेंडर असेल तर ठेवा झिऑन. पोस्ट मात्र दुरुस्त करा, "गेमिंग असो" काढा.

चिऱ्याचं_घर :
काढलं. खाली "काही थोर लोकांच्या आग्रहास्तव" असं पण टाकलंय.

कॉलेजकट्टा :
थँक्यू सगळ्यांना. आमच्या पण प्लगला झिणझिण्या येतात, ते काय करू?

मालवणी_गजाल :
शेवटी एक तरी कामाचो प्रश्न इलो. आधी वायरमनला बोलव आणि मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट बघायला सांग, दोन-तीनच्या वर दाखवले तर पीसीची पेटी फोडू नको. पाइप गंजलाय काय ते खणून बघायला लाव, नुसतं वरून पाणी ओतून "झाला" म्हणालो तर पैसे देऊ नको.