बैठका मारताना पोटरी दगड होते, गुडघ्यामागची धमनी दबलीय म्हणतात

थोरला_शाहूपुरी
धाकटा भाऊ २१ वर्षांचा, चार वर्षं तालमीत आहे. वर्षभर झालं, शंभरेक बैठका झाल्या की उजवी पोटरी दगडासारखी होते, तळवा गार पडतो. पाच मिनिटं बसला की मोकळा. एका दवाखान्यात सात महिने स्नायू आखडल्याच्याच गोळ्या दिल्या. शेवटी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी घोट्याजवळ माझं बोट ठेवायला लावलं आणि त्याला पंजा खाली दाबायला सांगितला. लागत होता तो ठोका गेला. पंजा सैल सोडला, परत आला. पोटरीचा स्नायू जन्मापासूनच चुकीच्या जागी चिकटलाय, त्यात धमनी चेंगरते, ऑपरेशन करा म्हणतात. पाहुणे म्हणतात स्टेंट टाका, चिरफाड कशाला. आईला झोप नाही. कुणी यातून गेलंय का?

पंचगंगेकाठची
माझ्या मुलाचं तीन वर्षांपूर्वी झालं, तो धावायचा. आधी विचारा, अँजिओग्राफी पंजा सैल ठेवून आणि दाबून, दोन्ही प्रकारे केली का? निरोगी पायाचा ठोकाही दाबल्यावर कधी कधी जातो, नुसत्या बोटावर ठरवू नका. दुसरा पायही बघायला सांगा. आमच्या पोराचा डावा दुखत नव्हता, तरी तिथंही तेच निघालं.

स्टेंटनं स्नायू जागचा हलत नाही, तो बाहेरून दाबतच राहतो. स्नायू कापून धमनी सोडवावीच लागते. धमनी धड असेल तर तेवढ्यावर भागतं. उशीर झाला की आत गुठळी धरते, मग पायातलीच शीर काढून जोड द्यावा लागतो. आमच्या उजव्या पायाला तो द्यावा लागला. सिस्टरनी ठोका लागतो तिथं पेनानं फुली मारली होती. रात्रभर मी त्या फुलीवर बोट ठेवून होते.

लाल_माती
तोवर बैठका, दोर, पळणं सगळं बंद. वस्तादांना दवाखान्यात सोबत न्या, पोरगं त्यांचं ऐकेल. पाय पांढरा पडला आणि बसूनही कळ थांबेना, तर रात्र असली तरी लगेच हलवा.

थोरला_शाहूपुरी
ताई, अँजिओ एकाच पायाची झालीय, तीही सैल ठेवून. उद्या फाईल घेऊन परत जातो. वस्तादांना फोन केला, येतो म्हणाले.