खड्डा कुठल्या प्रकारचा, ते आधी बघा

मुरुमांमुळे चेहऱ्यावर पडलेल्या खड्ड्यांसाठी ‘फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारायचं लेझर) करून टाका, सगळे खड्डे भरतात’ असा सल्ला इथे वर कुणीतरी दिलाय; तो सरसकट देऊ नये, असं मला वाटतं. रुंद, उथळ खड्ड्यांना लेझरचा उपयोग होतो हे खरंच. पण आइसपिक म्हणतात ते सुईने टोचल्यासारखे अरुंद खड्डे फार खोल गेलेले असतात, तिथे नुसत्या लेझरने फारसा फरक पडत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या गालांवर तेच होते. तिच्या डॉक्टरांनी टीसीए क्रॉस केलं. यात टीसीए म्हणजे तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टूथपिकच्या टोकाने फक्त खड्ड्याच्या आत टेकवतात. काही सेकंदांत तेवढाच ठिपका पांढराफटक पडतो, मग खपली धरते, आणि पुढे आत कोलेजन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) तयार होऊन तळ हळूहळू वर येतो. बऱ्याचदा पुन्हा करावं लागतं. हे अ‍ॅसिड ऑनलाइन मिळतं म्हणून कृपा करून घरी लावू नका, नवे व्रण पडतील.

लाटांसारखे खड्डे असतील तर त्वचा खालून तंतूंनी ओढून धरलेली असते. त्यासाठी सबसिजन, म्हणजे भूल देऊन सुईने ते तंतू सोडवणं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेंट्राइक या त्वचातज्ज्ञांनी ही पद्धत मांडली. आणि आपल्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग उठायची भीती जास्त, मायक्रोनीडलिंगमध्ये, म्हणजे त्वचेला बारीक सुया टोचण्यात, ती बरीच कमी. काहीही करा, सनस्क्रीन मात्र आधीपासूनच सुरू ठेवा.