दुखणं अंगावर काढणाऱ्या नर्सचं कौतुक पुरे, आता तिची नोंद घ्या

सुरंगी

मी स्टाफ नर्स आहे, गुहागर तालुक्यातली. २०२१ च्या मे महिन्यात कोविड वॉर्डात असताना मला लागण झाली. ऑक्सिजन लागला नाही. पंधरा दिवसांत पुन्हा ड्युटीवर हजर झाले आणि सगळ्यांनी पाठ थोपटली. तेव्हापासून माझं शरीर वेगळ्याच हिशोबाने चालतं. एका नाईटला दोन बाळंतपणं झाली, तर त्या रात्री मला काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र उठता येत नाही. केस विंचरायला हात वर जात नाही, रोज हाताळलेल्या इंजेक्शनचं नाव आठवत नाही, खिडकीतला उजेड सोसत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, छातीचा फोटो, सगळं नॉर्मल. हलकं काम मागितलं, तर "फाइलमध्ये काहीच नाही" म्हणून अर्ज परत आला.

या त्रासाबद्दल जे वाचलं त्यातलं एक सांगते. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात एक आजार पसरला. २९२ कर्मचारी आजारी पडले आणि हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी फक्त १२ जणांना तो झाला. म्हणजे आजारी पडले ते सेवा करणारेच. श्रमानंतर माणूस कोसळतो असा हा दीर्घ थकव्याचा आजार. आज ज्याला एमई (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस) किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, त्यातलं एमई हे नाव त्या साथीनंतर रूढ झालं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही रुग्णाला न तपासता, जुने केसपेपर वाचून, हा सामूहिक उन्माद असल्याचं लिहिलं. आजारी पडलेल्यांत बायका जास्त, हा त्यांचा एक आधार. त्या एका शिक्क्यामुळे संशोधन किती वर्षं मागे पडलं!

माझं म्हणणं एवढंच. लाँग कोविड, म्हणजे कोविड गेल्यावरही उरणारा त्रास, आणि एमई यांवर आपल्याकडे अभ्यास व्हायचा असेल, तर तो आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू करा. आमच्या लागणीची तारीख नोंदलेली आहे, हजेरीपट आहे, आणि लक्षणं नेमक्या शब्दांत सांगण्याचं शिक्षण आहे.

खाडीपलीकडचा डॉक्टर

सिस्टर, तुमच्या त्रासाबद्दल मला शंका नाही, पण मागणी मला पटत नाही. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी आहे. माझ्याकडे दोन पदं रिकामी आहेत. लावणीच्या दिवसांत लेप्टोचे ताप येतात, विंचू-साप असतातच, आणि रात्री अडीचला बाई बाळंतपणासाठी येते तेव्हा दारात कुणीतरी उभं असावं लागतं. ज्या आजाराला रक्ताची तपासणी नाही, त्याच्या नावाने हलकं काम द्यायला लागलो तर उद्या खरी आजारी कोण आणि कंटाळलेली कोण, हे मी कशावरून ठरवू? आणि जी तक्रार करत नाही, तिच्यावरच सगळ्या नाईट पडतील.

दुसरं. थकव्यामागे बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडणं, मधुमेह, नैराश्य यांतलं काहीतरी अनेकदा सापडतं, आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्य म्हटलं की लोकांना अपमान वाटतो. तो अपमान नाही. माझ्या एका आरोग्यसेविकेला कोविडनंतर असाच थकवा होता. रोज थोडं थोडं चालणं वाढवत नेलं आणि ती बरी झाली. चांगली झालेली माणसं असे ऑनलाइन चर्चेचे धागे काढत नाहीत, म्हणून ती मोजली जात नाहीत.

आगरवाट

डॉक्टरांशी सहमत. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून माकडतापाने काजूच्या बागांत राबणारी माणसं आजारी पडली, काही गेली. पैसा थोडा असेल तर आधी तिथे जावा. थकून कुणी मरत नाही.

पागोळी

"थकून कुणी मरत नाही" हे वाक्य मी माझ्या घरात ऐकलं आहे, म्हणून लिहिते. २००६ च्या चिकनगुन्यात आईचा ताप आठवड्यात उतरला, पण सांधे वर्षभर धरलेले होते. चुलीपुढे बसली की उठवायला माणूस लागे. सगळे म्हणाले, वय झालं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. देवळात गाऱ्हाणं घातलं, लेप लावले, सगळं केलं. पुढे कळलं की चिकनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने दुखणं हा त्या आजाराचाच भाग आहे. तेवढं एक वाक्य कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर ती स्वतःला आळशी समजत बसली नसती. आगरवाट, माकडताप की थकवा अशी निवड करायला आपल्याला कोणी सांगितलं? ताप उतरल्यावर मागे काय उरतं, हा प्रश्न तिन्ही तापांना सारखाच लागू आहे.

सुरंगी

डॉक्टर, आधी बाकीची कारणं तपासा, हे बरोबरच आहे. माझी ती सगळी तपासून झाली आहेत. पण तपासणी नाही म्हणजे निकषही नाहीत, असं नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली ते ठरवून दिले: सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता बरीच घटलेली, श्रमानंतर लक्षणं उफाळणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि यांच्या जोडीला बुद्धीला जडपणा किंवा उभं राहिल्यावर त्रास. तुम्ही विचारलंत ना, कंटाळलेली कोण आणि आजारी कोण? कंटाळलेली बाई त्याच दिवशी कंटाळते. नैराश्यात माणसाला काही करावंसं वाटत नाही. मला सगळं करावंसं वाटतं, मी करते, आणि एक-दोन दिवसांनी कोसळते.

चालणं वाढवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यात माझं नुकसान झालं आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची २००७ पासून हीच शिफारस होती: व्यायाम ठरावीक मापाने वाढवत न्या. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, असा व्यायाम तपासणाऱ्या ६४१ रुग्णांच्या पेस चाचणीने तिला बळ दिलं. त्या चाचणीच्या निष्कर्षांवर पुढे मोठा वाद झाला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नाइसनेच एमईसाठी ठरावीक मापाने वाढणारा व्यायाम देऊ नका असं सांगितलं. मला इथे कुणीही हे सांगितलं नाही. मी रोज किनाऱ्यावर शंभर पावलं वाढवत गेले. सहाव्या आठवड्यात मला धरून न्हाणीत न्यावं लागत होतं. तुमची आरोग्यसेविका चालून बरी झाली, याचा मला खरंच आनंद आहे. तिचा थकवा माझ्यासारखा नसणार. हे दोन थकवे वेगळे ओळखायला शिका, एवढंच मागते.

खाडीपलीकडचा डॉक्टर

नाइसचं मान्य. पण पुरावा अजून तोकडा आहे, हेही मान्य करा. ॲम्स्टरडॅमचा २०२४ चा अभ्यास मीही वाचला आहे: व्यायामाआधी आणि नंतर स्नायूचा तुकडा काढून पाहिला, लाँग कोविडच्या रुग्णांत व्यायामानंतर बिघाड वाढलेला दिसला. रुग्ण किती? २५. निरोगी २१. एवढ्यावर मी तालुक्याचा ड्युटी चार्ट बदलू? एडिनबरोच्या डीकोडएमई या अभ्यासात एमईच्या १५,५७९ रुग्णांची जनुकं तपासली आणि २०२५ मध्ये त्यांत आठ ठिकाणी आजाराशी जोडलेले धागेदोरे मिळाले, हा आकडा मोठा आहे. पण ते विश्लेषण युरोपीय वंशाच्या लोकांपुरतं आहे. आपल्याला त्यातून आज काय मिळतं? असं संशोधन मोठ्या संस्थांचं काम आहे. आमच्या केंद्रात लसींच्या रेफ्रिजरेटरचं तापमान दिवसातून दोनदा लिहायला माणूस नाही.

पागोळी

डॉक्टर, युरोपीय वंशापुरतं आहे म्हणूनच इथे व्हायला हवं ना? आणि मोठ्या संस्थांचं काम म्हणता, तर महाडजवळच्या बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र आठवा. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे रुजू झाले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, पोरं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, छातीतलं पाणी, सगळं लिहून ठेवलं. त्यातून हृदयावरचा परिणाम लक्षात आला, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं, आणि ४० टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यावर आलं. ते लॅन्सेटने छापलं. सुरुवात कोकणातल्या केंद्रातल्या वहीतून झाली होती.

आगरवाट

विंचवाचा रुग्ण तासाभरात समोर दिसतो. हा आजार वर्षानुवर्षं चालतो. तुलना बरोबर नाही.

पागोळी

म्हणूनच वही जास्त दिवस चालवावी लागेल.

सातविणीखालची आशा

मी सगळा वाचलंय. तुमी म्हणतास ता खरा, पण आमका सुट्टीचो पगार कोण देतलो?

मराठीत लिहिते, सगळ्यांना कळू दे. आम्हाला कामावर मोबदला मिळतो. बसलो तर मिळत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण कोविडात घरोघर फिरून आजारी पडलेल्या आमच्यातल्या कितींना आजही चढण चढवत नाही, हे कुणी विचारलेलं नाही. माझ्या वाडीत घरं डोंगरउतारावर आहेत. एका दिवसात वरची दहा घरं केली की दोन दिवस मी आडवी असते. तर मी आता रोज तीनच करते आणि कुणाला सांगत नाही. सिस्टर, तुम्ही हजेरीपटावरून अभ्यास करा म्हणता, त्यात मी कधीच दिसणार नाही. मी गैरहजर राहतच नाही. आधी आमची रजा भरपगारी करा, मग आम्ही खरं लिहून देऊ.

सुरंगी

आशाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. हजेरीपट पुरेसा नाही.

खाडीपलीकडचा डॉक्टर

आशाताईंचं वाचून थांबलो. माझ्याकडे दोघी जणी आहेत, एक आशा आणि एक आरोग्यसेविका. एका दिवसाचं काम दोन-तीन दिवसांत वाटून करतात, म्हणून मी त्यांना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललो होतो. काम केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. सोमवारी विचारतो, आणि जे सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवतो. अर्थात रात्री अडीचला दारात कोण उभं राहणार, याचं उत्तर सिस्टर, तुम्ही अजून दिलेलं नाही.

सुरंगी

नाही दिलं. रिकामी पदं भरल्याशिवाय ते माझ्याकडेही नाही. त्या अडीचला आज मीच उभी असते, डॉक्टर. उद्याही माझी नाईट आहे.