बाळाच्या व्यंगाचा दोष फवारणीला की ग्रहणाला?

काळं_रान: ओठ फाटलेलं बाळ जन्मलं की आपल्या मराठवाड्यात दोनच कारणं निघतात. सुनेनं ग्रहणात विळी धरली, नाहीतर कपाशीच्या फवारणीला गेली. दुसरं शास्त्रीय वाटतं म्हणून लगेच खरं मानू नका. वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, सातव्या महिन्यातल्या फवारणीनं तो फाटत नाही. 100 पैकी साधारण 3 बाळांत मोठं व्यंग असतंच, आणि बहुतेकांचं कारण सापडत नाही. मामाच्या मुलीशी लग्न केलं तर धोका दुपटीच्या आसपास जातो, त्यावर मात्र सगळे गप्प.

बांधावरची: भाऊ, तुमचा हिशेब तुमच्यावरच उलटतो. बाळाचा मेंदू नि पाठीचा मज्जारज्जू जिच्यातून बनतो ती मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते, म्हणजे बंद होते; नीट मिटली नाही तर कण्याचं व्यंग. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! तोवर बाई औषधासाठी पाणी वाहते, नवऱ्याचे फवारणीचे कपडे हातानं धुते. जहाल कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, तो काय शोभेला? हे विष कातडीतून शिरतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. सगळ्यात घातक वेळ कालवण्याची, कारण तेव्हा औषध पातळ झालेलं नसतं. रबरी हातमोजे, काठीनं ढवळणं, वारा पाठीशी, आणि ते कपडे घरच्या धुण्यात नाहीत.

काळं_रान: हे सगळं मान्य. पण ‘धोका आहे’ आणि ‘तुझ्यामुळं झालं’ यात फरक आहे ना? एका बाळापुरतं फवारणीवर बोट ठेवता येत नाही. ठेवलं की ते सुनेवरच येतं, फवारा मारणाऱ्या मालकावर नाही.

कोयता_जोडी: ऊसतोडीचं कोणी बोलेना. मोळ्या उचलल्यानं व्यंग होतं हा समज चुकीचा. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, हे धोके मात्र वाढतात. खरी चूक गोळीत होते. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून मिळते, त्यात कण्याचं व्यंग बरंचसं टाळणारं फोलिक आम्ल असलं तरी मज्जानलिका तोवर कधीच मिटलेली. रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल गर्भ राहण्याआधी किमान महिनाभर हवं. आधीचं बाळ कण्याच्या व्यंगाचं असेल तर 4 मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांना विचारून.

बांधावरची: म्हणजे गोळी दसऱ्याला टोळी निघण्याआधी बाईच्या पिशवीत पडायला हवी. फडात खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, मग दवाखाना कुठला?

काळं_रान: गोळीचं पटलं. ग्रहणाचं आजेसासूला तुम्हीच सांगा.