सांभाळणाऱ्या पालकांचं राजकीय मत बघून मुलं काढून घ्यावीत का?

प्रश्न: नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या रॉदरहॅम कौन्सिलने (तिथल्या स्थानिक प्रशासनाने) एका फॉस्टर केअरर जोडप्याकडून, म्हणजे दुसऱ्यांची मुलं तात्पुरती आपल्या घरी सांभाळणाऱ्या जोडप्याकडून, तीन मुलं काढून घेतली. मुलं युरोपातून आलेल्या स्थलांतरित घरातली, जोडपं युकिप या पक्षाचं सदस्य; ब्रिटनने युरोपियन युनियन सोडावं आणि स्थलांतर रोखावं, असं म्हणणारा हा पक्ष. हे योग्य होतं का?

उत्तर १: मी इथे इंग्लंडमध्येच फॉस्टर केअरर आहे. माझ्याकडे आलेली सहा वर्षांची मुलगी पहिले चार दिवस आईचा रुमाल उशीखाली ठेवून झोपायची. मी कुणाला मत देते, याच्याशी तिला काय करायचंय? पण तिच्या भाषेची मी टिंगल केली असती, तर ते तिला नक्की कळलं असतं. बघायचं ते हे. पुन्हा घर बदलणं म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा उपटणं.

उत्तर २: १९८९ च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टनुसार मुलाचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा कौन्सिलला विचार करावाच लागतो. पक्षाचं धोरणच स्थलांतराविरुद्ध असेल तर शंका येणारच ना?

उत्तर १: येऊ दे की! मग घरी या, बसा, मुलांशी एकट्याने बोला. नुसत्या सदस्यत्वावरून मुलांची बॅग भरायला लावू नका.